चातुर्मासातला गोलकीपर

वसईत आइस हॉकी खेळून पगार घेतलेला माणूस एकच. शत्रुघ्न किणी. आमच्या ज्ञाती संस्थेच्या वार्षिक सभेत मी हे वाक्य उच्चारलं तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "इथे दुसरा असणार कुठून?" प्रश्न रास्त होता. वसईत बर्फ मासळीवर घालतात किंवा सरबतात. त्यावर बूट घालून उभं राहायचं आणि पगार घ्यायचा हे शत्रुघ्नच्या आधी कोणाला सुचलेलं नव्हतं. शत्रुघ्नलाही ते सुचलं नव्हतं. ते त्याच्यावर येऊन पडलं.

शत्रुघ्न खाडीकाठच्या गावातला. घरची भातशेती, मिठागरात थोडा वाटा. आयटीआयमध्ये तो शीतयंत्रांचं काम शिकला आणि पाचूबंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात लागला. तिथे बर्फाची लादी साच्यातून काढली की ओल्या फरशीवरून जोरात ढकलून देत. ती सरकत दारापर्यंत जाई आणि दारात एक जण ती पायाने थांबवी. थांबवणारा चुकला तर लादी सरळ रस्त्यावर, टेम्पोखाली. थांबवणारा शत्रुघ्न होता. "त्या लादीला डोला लावून बसायचं," तो सांगे. "ती कुठं वलनार ते तिच्या निघन्यावरनंच कलतं." हीच त्याची पुढच्या आयुष्याची तयारी होती, पण तेव्हा ते ना त्याला ठाऊक होतं ना लादीला.

मग तो आखातात गेला. तिथल्या एका शहरात, एका मॉलच्या तळमजल्यावर बर्फाचं मैदान होतं. मैदान गोठवणारी यंत्रं सांभाळायची हे त्याचं काम. मॉलच्या मालकाला आइस हॉकीचा शौक. त्याने देशोदेशीचे खेळाडू पगारावर ठेवून संघ बनवला होता. त्यातला गोलकीपर फिनलंडचा. मैदानात बर्फ असला तरी राहायची खोली बाहेरच्या उन्हात होती, आणि ते ऊन असह्य होऊन हा माणूस ऐन सामन्याच्या दिवशी मायदेशी निघून गेला. मालक डोक्याला हात लावून काठावर उभा असताना त्याला समोर शत्रुघ्न दिसला. पाइप गळतोय का ते बघायला तो गमबूट घालून बर्फाच्या मधोमध उभा होता. चहाचा कप हातात, तोल जराही गेलेला नाही.

"तू," मालक म्हणाला, "उभा राहतोस."

तो पहिला सामना शत्रुघ्न गमबुटांवर खेळला. भरपूर गोल खाल्ले. पण एका रशियन खेळाडूने जीव खाऊन मारलेली चकती त्याने सवयीने पायाने थांबवली आणि थांबवल्यावर "पुढची सोड" अशी मराठीत आरोळी दिली. मालकाला ती आरोळी फार आवडली. आठवडाभरात शत्रुघ्नला स्केट्स मिळाले, पगार वाढला आणि तो व्यावसायिक खेळाडू झाला. दुपारी यंत्रं, संध्याकाळी गोल.

अडचण झाली ती घरी. त्याने जाड पॅड, छातीचं कवच आणि जाळीचं शिरस्त्राण घातलेला फोटो पाठवला. त्याच्या आईने तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्यो समुंदरात बुडी मारतो काय?" बायको मनोरमा शेजारणींना सांगत राहिली की हे बर्फाच्या फॅक्टरीत आहेत. नवऱ्याला लोक रबरी चकती फेकून मारतात आणि त्याचा पगार मिळतो, हे सांगायला तिला जड जाई. पुढे एका सामन्यात त्याचे वरचे दोन दात गेले. फोनवर ती म्हणाली, "टोप घातलेला ना डोक्यावर?"

"घातलेला. पानी प्यायला वर केला."

"आणि त्याच वेळी?"

"त्याच वेली."

"तुम्हाला लग्नातपण नेमकी हार घालायच्या वेळी तहान लागलेली," मनोरमा म्हणाली आणि फोन ठेवला.

बऱ्याच वर्षांनी गुडघे बोलू लागले आणि मॉलमालकाने मैदान मोडून तिथे फर्निचरचं दुकान काढलं. शत्रुघ्न दोन खोटे दात आणि एक मोठी पेटी घेऊन वसईला परतला आणि एसी दुरुस्तीची कामं घेऊ लागला. पेटीत पॅड होते. ती माळ्यावर गेली. नात निधी चाकांचे स्केट्स घालून सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडताना त्याने पाहिली त्या दिवशी पेटी खाली आली.

"अगं, पडायचं तर असं पड," म्हणत तो स्वतः पडून दाखवू लागला. वॉचमनने धावत येऊन पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी आणखी चार मुलं पडायला आली. अशा रीतीने तो प्रशिक्षक झाला.

साहित्य त्याने आजूबाजूचंच वापरलं. नारळाच्या झावळीचा दांडा बुडाशी रुंद आणि किंचित वळलेला असतो. नंदाखाल गावातल्या एका वाडीतून त्याने असे वाळलेले दांडे आणले आणि तासून त्यांच्या काठ्या केल्या. चकत्या मोच्याकडून ट्रकच्या टायरमधून कापून घेतल्या. मनोरमाने जुन्या सोफ्याचा स्पंज शिवून मुलांना पॅड केले. बोलते खूप, पण शिवते पक्कं.

शिकवणंही शेतातलंच. "खाली वाक. अजून खाली. लावनीला वाकतात तसं. लावनी कोनी बघितली?" एकाही मुलाने बघितली नव्हती. मग तो सगळ्यांना पावसात गावच्या शेतावर घेऊन गेला आणि ओल्या बांधावरून चालायला लावलं. चिखलाने माखलेली मुलं घरी पोचल्यावर काही आयांनी फोन केले. पण त्यानंतर मुलांचा तोल खरोखर सुधारला, हे त्याच आया आता सांगतात.

प्रश्न जागेचा होता. पार्किंगमध्ये गाड्या वाढत गेल्या आणि चकती कुणाच्या तरी नव्या गाडीच्या दिव्याला लागल्यावर सोसायटीने हात जोडले. मग शत्रुघ्न आमच्याकडे आला. आमच्या संस्थेचं मंगल कार्यालय आहे आणि मी तिथला खजिनदार. कार्यालयाची कोटा फरशी जुनी. हजारो लग्नांतल्या पावलांनी घासून ती आरशासारखी झालेली. शत्रुघ्नने चपला काढून तिच्यावर पाय ठेवला, थोडा सरकला आणि डोळे मिटले.

"हीच," तो म्हणाला.

हॉल लग्नाच्या दिवसांत द्यायचा प्रश्नच नव्हता. पण चातुर्मासात आणि पौषात मुहूर्त नसतात, तेव्हा तो रिकामाच असतो. तसं ठरलं. तेव्हापासून शत्रुघ्नचा हंगाम पंचांगावर चालतो. जगात सगळीकडे आइस हॉकी थंडीत सुरू होते, आमच्याकडे आषाढी एकादशीला. तुळशीचं लग्न लागलं की मुलं स्केट्स पुसून ठेवतात. नवीन पंचांग बाजारात आलं की शत्रुघ्न ते पहिलं घेतो आणि ज्या पानांवर बाकीचे लोक उसासा टाकतात त्या पानांवर खूण करतो. एकदा दुकानदाराने विचारलं, "मुलीचं जमवताय का?" हा म्हणाला, "नाय. मला मुहूर्त नसलेले दिवस पायजेत." दुकानदाराने विषय वाढवला नाही.

दोन वर्षांपूर्वी ही फरशीच जाण्याची वेळ आली. संस्थेच्या मंडळावर कौस्तुभ नावाचा तरुण सभासद आला. बांधकामाच्या धंद्यातला, उत्साही, हातात कायम टाइलचा नमुना. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. म्हातारी माणसं या फरशीवर जपून चालतात, उद्या कोणी पडलं तर? त्याने जेवणाच्या दालनात स्वतःच्या देखरेखीखाली खरखरीत टाइल बसवून दाखवली आणि मोठ्या हॉललाही तीच बसवावी असा ठराव आणला.

शत्रुघ्न सभेत आला होता. त्याला भाषण येत नाही. तो म्हणाला, "थंडीत वरती उत्तरेला शिबिर हाय. खरा बर्फ. माझी पोरं बोलावलीत. एवढा चातुर्मास तरी फरशी राहू द्या. नंतरबी राहिली तर बरं. खरखरीत फरशीवर पोरं फक्त चालनार, आनि चालायला त्यांना येतं."

कौस्तुभ म्हणाला, "काका, मी काय दुष्ट नाही. राहू दे फरशी. पण एक तरी तक्रार आली, एक पाहुणा जरी पडला, तर मी दुसऱ्या दिवशी काम सुरू करणार."

सगळ्यांनी मान डोलावली. शत्रुघ्ननेही.

त्या श्रावणात सराव जोरात होता. चाकांवर शिकलेलं मूल बर्फावर गेलं की गडबडतं, म्हणून शत्रुघ्नने नवीन युक्ती काढली. रविवारच्या सरावाला स्केट्स नाहीत, नुसते पायमोजे, आणि फरशीवर कॅरमची पावडर. शनिवारी संध्याकाळी तो स्वतः हॉल झाडून पावडर पसरे आणि फडक्याने इतकी पातळ करी की ती दिसतच नसे. जाणवे फक्त.

त्या रविवारी सकाळी तो मुलांना घेऊन आला तेव्हा दाराला झेंडूचं तोरण होतं आणि आत सनई वाजत होती. कार्यालयाचा व्यवस्थापक शांताराम नवा झब्बा घालून गुलाबपाणी शिंपडत होता.

"शांताराम, हे कोनाचं लग्न?"

"नवरदेवाचं."

"अरे, श्रावनात?"

"काढीव मुहूर्त आहे. संग्राम म्हणून मुलगा आहे, बोटीवर असतो. कंपनीने सुट्टी कापली, पुढच्या आठवड्यात जहाजावर चढायचंय. भटजींनी काढून दिला मुहूर्त."

"मग मला नाय सांगायचं?"

"तू कधी विचारतोस? तूच पंचांग घेऊन येतोस आणि आम्हाला सांगतोस कधी लग्न नाही ते!"

शत्रुघ्नने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "आत पावडर हाय."

"कसली?"

"कॅरमची."

शांतारामच्या हातातली गुलाबदाणी थांबली. "तरीच मंडपवाले म्हणत होते, काय पॉलिश केलंय! धुऊन काढू?"

"पानी टाकलंस तर चिकट लगदा होईल. वराड कुठं हाय?"

वऱ्हाड फाटकात होतं. दाराशी सगळे बूट काढत होते, कारण मुलीकडच्या पोरींनी बूट पळवायची तयारी करून ठेवली होती. म्हणजे वऱ्हाडातले सारे पुरुष आत येणार होते ते पायमोज्यांवर.

मी आणि कौस्तुभ त्या वेळी ऑफिसात होतो. काचेतून हॉल दिसतो. शत्रुघ्न पिशवीवर बसला, वरचे दोन दात काढून रुमालात बांधून खिशात ठेवले आणि मुलांना जवळ बोलावलं. सामना मोठा असला की तो दात काढतो, हे मला ठाऊक होतं. सामना कोणाशी आहे ते कळेना.

त्याने मुलांना काय सांगितलं ते निधीने नंतर मला सांगितलं. "आज चकती नाय. आज पाव्हनं. सरकायला लागलं की हात धरायचा, खुर्चीत नेऊन बसवायचं. एकबी पाव्हना खाली पडला तर उद्या फरशी गेली. ओरडायचं नाय, हसायचं."

मुलं गुडघ्याला पॅड बांधून दारापासून व्यासपीठापर्यंत दोन रांगांत उभी राहिली. शत्रुघ्ननेही पॅड बांधले आणि स्वतःची जागा निवडली ती थेट व्यासपीठाखाली मांडलेल्या रुखवताच्या टेबलापुढे. दारातून सरळ रेषेत तेच होतं. रव्याच्या लाडवांचा वसईचा किल्ला, करंज्यांची तटबंदी, वर साखरेच्या पाकातला बुरूज. जाळं कुठे आहे हे गोलकीपरला दाखवावं लागत नाही.

वऱ्हाड आत शिरलं. पहिल्या बाईचा पाय सरकला तसा एका मुलाने तिचा हात धरला आणि तिला पालखीसारखं नेऊन खुर्चीत बसवलं. मग दुसरी, मग तिसरी. मुलं मोज्यांवरून घसरत दाराकडे जात आणि पाहुणा घेऊन परत येत. नवरदेवाची आत्या कौतुकाने म्हणाली, "हे काय गं नवीन? इव्हेंटवाले का?"

"हो," मुलीकडचं कोणीतरी ठोकून देत म्हणालं, "वेगळं पॅकेज आहे."

तेवढ्यात संग्रामचे मामा आले. मामा घाटावरचे. देह भक्कम, फेटा उंच, मिशा तेल लावून वळवलेल्या. निधीने हात पुढे केला.

"नको बाळ," मामा म्हणाले. "आम्ही तालमीतले. आम्हाला कोण पाडतंय?"

"आजोबा, धरा ना."

"अगं, हो बाजूला." आणि सगळ्या हॉलला एकत्र नमस्कार करण्यासाठी हात जोडून मामांनी रुबाबात पाऊल टाकलं.

दारापासून व्यासपीठापर्यंत मधोमध मानाच्या पाहुण्यांसाठी लाल गालिचा घातलेला होता आणि तो पावडरीवर होता. मामांसकट तो निघाला. मामांना थांबायचं होतं, पण हात जोडलेले असल्यामुळे ते थांबले आहेत की नमस्कार करत पुढे येत आहेत हे कोणाला कळेना. ते विहिणींसमोरून गेले. भटजींसमोरून गेले. भटजींनी प्रतिनमस्कार केला. गालिच्याची गुंडाळी झाली आणि मागे राहिली. मामा एकटेच पुढे आले, किल्ल्याच्या दिशेने.

कौस्तुभ खुर्चीतून उठला.

शत्रुघ्न वाकला. लावणीला वाकतात तसा. मामा निघाले त्या क्षणीच त्याला कळलं होतं की ते शेवटी डावीकडे वळणार. तो त्याआधीच डावीकडे सरकला, एक गुडघा टेकला आणि मामा त्याच्या छातीवर येऊन धडकले. टेबल हललं. एक करंजी पडली. किल्ला उभा राहिला. शत्रुघ्नने दोन्ही हातांनी मामांना घट्ट धरलं आणि सवयीने आरोळी दिली, "पुढची शोड!"

मग हॉलमध्ये टाळ्या. लोकांना वाटलं, मुलीकडचे काका मुलाकडच्या मामांना कडकडून भेटले. फोटोग्राफर धावत आला. "मामा, फार सुंदर! माझा फ्लॅश उडाला नाही. दारापासून एकदा परत याल?"

मामांनी फेटा सारखा केला. आपण पडलो नाही, उलट टाळ्या मिळाल्या, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. "येतो की," म्हणाले. परत जाताना मात्र त्यांनी निधीचा हात धरला. दुसऱ्या खेपेला ते पहिल्यापेक्षा जोरात आले. तिसरी खेप फोटोग्राफरने मागितली नव्हती.

अक्षता पडल्या तेव्हा शत्रुघ्नचा खरा जीव टांगणीला लागला. पावडरीवर तांदूळ म्हणजे काय होतं ते त्यालाच ठाऊक. शेवटचं मंगलाष्टक संपताच त्याने हात वर केला आणि मुलं प्रत्येक रांगेच्या तोंडाशी हसत उभी राहिली. शांतारामने झाडणाऱ्या बायकांना हाक मारून केरसुण्या फिरवेपर्यंत एकालाही उठू दिलं नाही. लोकांना वाटलं, हाही पॅकेजचाच भाग.

जेवणं सुरू झाली आणि मुलांनी सुटकेचा श्वास टाकला. जेवणाच्या दालनात पावडर नव्हती. शत्रुघ्न आमच्या ऑफिसात येऊन भिंतीला टेकून बसला. शर्ट घामाने भिजलेला. "एकबी नाय पडला," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात दार उघडलं. मामा. चेहरा लाल.

"इथे जबाबदार माणूस कोण? तक्रार आहे माझी."

कौस्तुभने टाइलचा नमुना पुढे ओढला. शत्रुघ्न उठून टेबलापाशी आला.

"बोला," मी म्हणालो.

"आमची मंडळी जेवायला जात होती. ताट हातात. त्या आतल्या फरशीत तिच्या पैठणीचा काठ अडकला, अंगठा ठेचला, जिलब्या गेल्या जमिनीवर. अहो, किसणी घातलीय का फरशी? कोणी बसवली ती?"

कौस्तुभने नमुना हळूच मांडीवर घेतला.

"बाहेरची फरशी बघा," मामा म्हणाले. "माणूस जातो कसा आपोआप! तीच आतपण करून घ्या."

एवढ्यावर विषय मिटला असता. मी टेबलाखालून शत्रुघ्नच्या पायाला पाय लावला. तिथे पॅड होता, त्याला काही जाणवलं नाही.

"मामा," तो बिनदातांचा म्हणाला, "फरशीचं कौतिक नाय ते. मी कालच्याला पावडर टाकलेली. कॅरमची. शरावाशाटी. लगीन हाय ते मला म्हाईत नव्हतं. तुमी पडला अशता तर माझा गुना होता."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. मग कौस्तुभकडे, मग माझ्याकडे. मिशीला ताव दिला.

"कॅरमची?" ते म्हणाले. "कुठली घेता? आमच्या तालमीतल्या पोरांच्या बोर्डावर सोंगटी सरकतच नाही."

मामा गेल्यावर कौस्तुभ बराच वेळ नमुना उलटा-सुलटा करत बसला. शेवटी म्हणाला, "काका, पाहुणा पडला नाही आणि तक्रार आली ती माझ्याच फरशीची. आता मी काय बोलणार? राहू दे तुमची फरशी. फक्त पंचांगाबरोबर शांतारामलाही विचारत जा."

"विचारीन. पन तो बोलतो कुठं नीट? कोनाचं लग्न विचारलं तर म्हनतो नवरदेवाचं."

थंडीत शत्रुघ्न मुलांना घेऊन शिबिराला गेला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. मागे मुलांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"खजिनदार, निधी उभी राहिली. पहिल्याच दिवशी. इथला कोच विचारतो, बर्फावर आधी कुठं खेळलीस? ती म्हनाली, मंगल कार्यालयात."

"बर्फ कसा आहे?"

"बरा हाय. आपल्या हॉलसारखा सपाट नाय. मधी मधी खड्डे हायत."

"आणि तू? तू उतरलास का बर्फावर?"

फोन दुसऱ्या हातात गेल्याची खुडबुड झाली. मग मनोरमाचा आवाज आला. ती मुलांचं जेवणखाण बघायला सोबत गेली होती.

"उतरले होते. सगळ्यांना पडायचं कसं ते दाखवायला गेले आणि खरोखरच पडले."

"दात?" मी विचारलं.

"खिशात होते," मनोरमा म्हणाली. "पडले ते नेमके त्याच खिशावर."